गिअरबॉक्स खोलून दुरुस्त करू की दुसराच टाकू?

प्रश्न: माझी 2011 ची पेट्रोल वॅगन आर आहे, 1 लाख 60 हजार किमी झालेत. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर घेताना कर्रकन आवाज येतो आणि हायवेला ॲक्सिलरेटर सोडला की पाचवा गिअर आपोआप निसटतो. एक मेकॅनिक म्हणतो बॉक्स खोलून काम करू, दुसरा म्हणतो खोलूच नका, कुर्ल्याहून जुना बॉक्स आणून बसवतो. इंजिन एकदम चांगलंय, गाडी अजून चार-पाच वर्षं वापरायचीय. काय करू? – एक वाचक, सांगली

उत्तर: माझं मत सरळ सांगतो, तुमचाच बॉक्स खोला. पण त्याआधी एक बघून घ्या, इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबा, दोन-तीन सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका, तिथेही कर्र झालं तर क्लच नीट सुटत नाहीये, मग आधी क्लचचं काम. रिव्हर्स गुपचूप पडला आणि त्रास फक्त दुसऱ्यालाच असला तर त्याची सिंक्रो रिंग (गिअर पडताना वेग जुळवून घेणारी पितळी कडी) गेलीय असं समजा, शहरात सगळ्यात जास्त वापर दुसऱ्याचाच होतो ना, त्यामुळे बहुतेक आधी तीच झिजते.

मग जुनं गिअर ऑइल स्वच्छ ट्रेमध्ये काढायला लावा आणि तिथे स्वतः उभे राहा. ऑइलमध्ये पितळेची बारीक चमक दिसली तर ती रिंगांची झीज, त्याला घाबरू नका. पण बोटाला टोचणारे लोखंडाचे तुकडे निघाले तर दात किंवा बेअरिंग फुटलंय. शाफ्ट खराब, दात तुटलेले किंवा हाउसिंगमध्ये (बॉक्सच्या बाहेरच्या कवचात) बेअरिंगची जागाच सैल झालेली असेल तर मात्र रिपेअरवर पैसे घालू नका, तेव्हा दुसरा बॉक्स बरोबर.

पाचव्याचं म्हणाल तर छोट्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांत तो बहुतेक बॉक्सच्या टोकाला साइड कव्हरखाली असतो, त्याची स्लीव्ह (सरकून गिअरला अडकणारी कडी), हब (ती कडी ज्यावर सरकते तो भाग) आणि फोर्क (कडीला सरकवणारा काटा) तिघंही बघायला सांगा. नुसती रिंग बदलली आणि स्लीव्हचे आणि गिअरचे टोकदार छोटे दात गोल झालेले तसेच ठेवले तर महिन्याभरात परत तेच, हे मेकॅनिकला आधीच बजावून सांगा. बॉक्स उतरलाच आहे तर सगळी बेअरिंग, ऑइल सील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग आत्ताच बदला, कारण मजुरी उतरवण्या-चढवण्याचीच जास्त असते आणि ती दोनदा कशाला द्यायची. काढलेले पार्ट परत मागून घ्या.

जुना बॉक्स स्वस्त पडतो हे खरंय, पण तो किती चाललाय आणि कुठल्या गाडीतून निघालाय हे विकणारालाही बहुतेक माहीत नसतं. घ्यायचाच झाला तर तुमच्याच मॉडेलचा आणि त्याच इंजिनचा घ्या, इनपुट शाफ्ट (इंजिनची ताकद बॉक्समध्ये आणणारा दांडा) हाताने हलवून प्ले, म्हणजे ढिलेपणा, बघा आणि बसवून चालवल्यावर खराब निघाला तर बदलून देणार हे बिलावर लिहून घ्या. आरसीवर इंजिन आणि चेसिस नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो, त्यामुळे त्या बाजूने अडचण नाही.

आणि हो, खर्चाला हात घालण्याआधी आरसी बघा. प्रायव्हेट गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं असतं, नंतर फिटनेस पास झाली की 5 वर्षं वाढवून मिळतं. तुमची 2011 ची आहे, म्हणजे ती वेळ आलीच. खालून पत्रा गंजला असेल तर आधी तो दाखवून घ्या, पासिंग होईल असं पक्कं कळलं की मगच बॉक्स उतरवा.