लेबलवर धाराशिव, आधारवर उस्मानाबाद: मुंबईत अडकलेल्या पार्सलबद्दल

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि जुनं सगळं डोक्यात आलं. जपानच्या लिलावातून प्रॉक्सीमार्फत (म्हणजे आपल्या वतीनं बोली लावून माल इकडे पाठवणारी कंपनी) रेकॉर्ड प्लेयर घेतला, पार्सल मुंबईला पोचलं, आणि कुरियरवाले म्हणतात केवायसी (ओळख-पत्त्याची पडताळणी) नामंजूर, कारण लेबलवर धाराशिव अन् आधारवर उस्मानाबाद. माझं छत्रपती संभाजीनगर आणि औरंगाबाद होतं, एवढाच काय तो फरक. बोली, कमिशन वगैरे तुम्हाला कळतंच, त्यात जात नाही.

पहिलं म्हणजे इथल्या शाखेत चकरा मारू नका. कंपनीचं नाव घेत नाही. काउंटरवरच्या पोराला मी आधारची झेरॉक्स आणि लेबलचा फोटो शेजारी ठेवून पिनवर बोट ठेवून दाखवलं, दोन्हीकडे ४३१००१. तो म्हणे, "सर, सिस्टीममधी मिसमॅच येतंय, मुंबईला बोला." मुंबईला फोन लावला तर आधी गाणं ऐका, मग बाई सांगणार, "जवळच्या ब्रँचला भेट द्या." ही टोलवाटोलवी चालू असताना गोदामभाडं रोज चढतंय, आणि ते भरायचं आपणच! शहराचं नाव सरकारनं २०२३ मध्ये बदललं, मी घरी बसून नाही बदललं. औरंगाबाद बिहारमध्ये पण आहे, तिथला पिन ८२४१०१. म्हणजे गाव ओळखायला पिनच बघावा लागतो ना? पण त्या पोराला कोण सांगणार. त्याचाही दोष नाही म्हणा, त्याच्या हातात काहीच नसतं.

काम झालं ते मेलनं. ज्या पत्त्यावरून नकार आला त्यालाच उत्तर, विषयात फक्त एअरवे बिल नंबर (पार्सलवरचा कुरियरचा नंबर), आणि एकाच पीडीएफमध्ये आधार, नामांतराच्या राजपत्राचं पान, शहराचं नवं नाव असलेलं महावितरणचं बिल. सोबत तक्रार अधिकाऱ्याला प्रत. त्याचा मेल कंपनीच्या साइटवर अगदी तळाशी बारीक अक्षरात सापडतो. फोनवर कोणी काही कबूल केलं तरी लेखी मागा.

पुढच्या वेळी प्रॉक्सीच्या खात्यात नाव-पत्ता आधारवर आहे तसाच टाका, वडिलांच्या नावासकट. आधार अपडेट होईपर्यंत उस्मानाबादच लिहा. काहींना हे पटणार नाही, पण मला पार्सल हवं असतं.

पैशाचे कागदही आत्ताच काढून ठेवा. प्रॉक्सी दोनदा पैसे घेते, आधी वस्तू आणि जपानातली वाहतूक, मग परदेशी भाडं. त्यामुळे बँकेतला कुठलाच आकडा पार्सलवरच्या किमतीशी जुळत नाही आणि पुन्हा शंका निघते. कस्टम ड्युटी वस्तूच्या किमतीत भाडं-विमा धरून लागते, तेव्हा दोन्ही पावत्या द्या. लिलावाच्या पानाचा स्क्रीनशॉटही घ्या, ते पान काही काळानं निघून जातं. आणि "गिफ्ट लिहायला सांगा" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. २०१९ च्या डिसेंबरपासून राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून गिफ्ट म्हणून वस्तू मागवायची सवलत बंदच केली होती. मी काही कस्टम एजंट नाही, दरही बदलत राहतात, तेव्हा आजचा नियम स्वतः बघून घ्या.

विचारलं नाहीत, तरी सांगतो. तिकडे १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. थेट प्लग लावलात तर धूर निघेल, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेलच. शिवाय जपानच्या पूर्वेला ५० हर्ट्झ अन् पश्चिमेला ६०. जुना, एसी मोटरचा बेल्टवाला प्लेयर ६० च्या पुलीचा (मोटरवरचं बेल्ट फिरवणारं चाक) निघाला तर आपल्या ५० वर मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड २८ च्या आसपास फिरते, गाणाऱ्या बाईचा आवाज बाप्यासारखा येतो. डीसी मोटर असेल तर ही भानगड नाही. मागच्या पट्टीवर हर्ट्झ छापलेले असतात. लिलावाच्या फोटोत ती पट्टी दिसत नसेल तर प्रॉक्सीला आजच मेल टाका. विकणारा काही दिवस तरी उत्तर देतो, नंतर कोणी विचारत नाही.