म्युझिक व्हिडिओ आता फारच धक्कादायक आणि सिनेमासारखे झालेत, असं वाटत नाही का?

सिनेमासारखे झालेत ही तक्रार मला पटत नाही. धक्कादायक झालेत, ही अर्धी पटते. तुम्ही दोन्ही एका दमात विचारलंत, वर घरातल्या अकरा वर्षांच्या मुलाचं काय करावं हेही विचारलंत, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

मी सांगलीत लग्नाची शूटिंग घेतो आणि सीझन संपला की अल्बम साँग. (आमच्याकडे म्युझिक व्हिडिओला तसं कुणी म्हणत नाही. अल्बमचा पत्ता नसला तरी ते 'अल्बम साँग'च.) म्हणजे ज्यांच्यावर तुमचा राग आहे, त्यांच्यातलाच मी एक.

आधी सिनेमाचं. अहो, आपल्याकडे गाणं कधी सिनेमापासून वेगळं होतं? १९३१ च्या 'आलम आरा'त सात गाणी होती. आपला बोलपट तोंड उघडला तोच गात. दूरदर्शनवर सिनेमाच्या गाण्यांचं छायागीत लागलं की अख्खी गल्ली एका टीव्हीसमोर बसायची, तेव्हा आपण बघत होतो ते दुसरं काय होतं? आणि सांगलीच्या माणसानं तर ही तक्रार करूच नये. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीतास्वयंवर' नाटक उभं केलं, ते गाण्याच्याच आधारावर. गावाला लागून असलेल्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' १८९९ चं. पैशासाठी बाप पोरीला थेरड्याच्या गळ्यात बांधायला निघतो, आणि त्या म्हाताऱ्या नवरदेवाची टर उडवणारं पद लोक घरी जाताना गुणगुणत जातात. ज्यांच्या घरात तसं लग्न ठरलेलं असेल, त्यांना ते पद कसं लागलं असेल बघा.

बाहेरही हे नवं नाही. मायकेल जॅक्सनचा 'थ्रिलर' १९८३ चा. व्हिडिओ जवळपास १४ मिनिटांचा, दिग्दर्शक जॉन लँडिस, म्हणजे सिनेमावालाच. मढी थडग्यातून उठून नाचतात. सुरुवातीला पाटी येते, की या फिल्मचा अर्थ भुताखेतांवरच्या विश्वासाला माझा पाठिंबा आहे असा घेऊ नये. म्हणजे कुणाला तरी धक्का बसणार हे त्यांना तेव्हाच ठाऊक होतं. १९९० मध्ये मॅडोनाचं एक गाणं एमटीव्हीनं दाखवायला नकार दिला, तर त्याची व्हिडिओ कॅसेटच दुकानात विकायला ठेवली आणि ती धडाक्यात खपली. आपल्याकडे २००२ मध्ये 'कांटा लगा'च्या रिमिक्सवरून केवढा गदारोळ झाला होता! मूळ गाणं १९७२ च्या सिनेमातलं, लताबाईंचं. घराघरात नावं ठेवत होते आणि घराघरात बघत होते.

मग आता बदललं काय? माझ्या मते, अंगठा. पूर्वी माणूस गाण्यासाठी थांबून राहायचा, आता गाणं माणसाच्या अंगठ्याला घाबरतं. यूट्यूब स्टुडिओत एक आलेख दिसतो, कितव्या सेकंदाला किती लोक उरले त्याचा. पैसे लावणारी पार्टी आता चाल ऐकायच्या आधी तो आलेख विचारते.

एक प्रसंग सांगतो. दोन वर्षांपूर्वी हरिपूरला संगमावर, कृष्णा-वारणा मिळतात तिथल्या घाटावर, एक गाणं करत होतो. गाणं साधं प्रेमाचं. शब्दांत कुठं मारामारी नाही, भांडण नाही. पार्टी म्हणाली, "पहिल्या पाच सेकंदांत रक्त दिसलं पाहिजे." मी म्हटलं, कशाचं? म्हणाले, "कशाचं पण दाखवा की." मग ऊसतोडीचा कोयता आला. साखरेचा पाक, खायचा लाल रंग, चिमूटभर कोको घालून रक्त केलं आणि हिरोला पायरीवर आडवा टाकला. पाकच तो, पाच मिनिटांत खऱ्याखुऱ्या माश्या घोंगावायला लागल्या. आम्ही खूश, काय नॅचरल दिसतंय म्हणून.

तेवढ्यात धुण्याची बादली घेऊन एक आजी घाट उतरली. कॅमेरा, रिफ्लेक्टर, आम्ही आठ माणसं, तिला काही दिसलं नाही. तिला ते पोरगं दिसलं. बादली तिथंच सोडली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि आमच्यावर ओरडली, "आरं मुडद्यांनो, बघत काय ऱ्हायलाय? कुणाचं प्वार हाय ह्ये? दवाखान्यात न्या की!" हिरो घाबरून उठून बसला तर ती आणखी घाबरली. मग चहा पाजला, समजूत काढली. जाताना पदराला लागलेला लाल रंग चोळत एवढंच म्हणाली, "गाणं हाय म्हंतोस, मग मारलास कशाला त्येला?"

त्याचं उत्तर आमच्यापैकी एकाकडेही नव्हतं. पार्टीकडे आलेख होता.

याच्या उलट चाइल्डिश गँबिनो या अमेरिकन गायकाचं २०१८ चं 'धिस इज अमेरिका' बघा. (मुलाला बाजूला बसवून नको.) माणूस नाचता नाचता समोरच्याच्या डोक्यात गोळी घालतो आणि पुन्हा नाचायला लागतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा फोन खाली ठेवला होता. दुसऱ्यांदा बघताना लक्षात आलं, बंदूक एक पोरगा लाल फडक्यात अलगद झेलून नेतो आणि मढं मात्र फरफटत ओढतात. कुणाची किंमत किती, ते एका शॉटमध्ये सांगितलं. तिथं आजीनं प्रश्न विचारला असता, तर त्यांच्याकडे उत्तर होतं. रक्त किती सांडलं हे मी मोजत नाही. ते काढून टाकल्यावर गाण्याचं काही बिघडतं का, तेवढं बघतो. आमच्या गाण्याचं काहीही बिघडलं नसतं. उलट दहा सेकंद वाचले असते.

आता मुलाचं. थिएटरात लागणाऱ्या सिनेमाला सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतं, टीव्ही चॅनेलना केबल कायद्याचा प्रोग्रॅम कोड आहे. आमच्यासारख्यांनी यूट्यूबवर टाकलेलं गाणं सेन्सॉर बोर्डाकडे जातच नाही. रात्री एडिट संपलं की मी अपलोड करतो आणि झोपतो. वयाची अट घालायची ती प्लॅटफॉर्मनं किंवा आम्ही स्वतः, आणि व्ह्यूज घटतील म्हणून ती स्वतःहून कुणी घालत नाही, मीही नाही. त्यामुळे फोन हिसकावून घेण्यापेक्षा यूट्यूबच्या सेटिंगमध्ये रिस्ट्रिक्टेड मोड चालू करा. शंभर टक्के चाळणी लागत नाही, पण बरंचसं अडतं. टीव्हीवर आणि फोनवर वेगवेगळा चालू करावा लागतो, हे बहुतेक जण विसरतात.

माझ्या घरी चालू आहे. धाकटी नऊ वर्षांची. परवा तिनं मैत्रिणींना दाखवायला "पप्पांचं गाणं" शोधलं, तर ते हरिपूरचं गाणं काही केल्या येईना. आमचं नेट स्लो आहे असं तिला सांगितलंय.