पाच मार्चची तीन मे का होते?

प्रश्न : परभणीच्या मोंढ्यातील आमच्या आडत दुकानाचा हिशेब मी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमवर ठेवतो. मुनीम एक्सेलमध्ये ०५/०३/२०२४ अशी तारीख भरतात, पण त्या नोंदींची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी मांडलेली साध्या मजकुराची) फाइल पायथनच्या पांडास लायब्ररीने वाचली की ती तारीख ३ मे होते. १३ ते ३१ या तारखांच्या नोंदी मात्र बरोबर येतात. शिवाय ब्राउझरमधील फॉर्मवर निवडलेली तारीख डेटाबेसमध्ये एक दिवस आधीची पडते. दोन हंगामांच्या सोयाबीन-तुरीच्या पट्ट्या यात अडकल्या आहेत. काय करावे?
– एक वाचक, परभणी

उत्तर : १३ पासूनच्या तारखा बरोबर येतात, हे आपण नेमके टिपलेत आणि दोषाचे मूळ तेथेच आहे. तारखेचे स्वरूप सांगितले नाही, तर पांडास अमेरिकी रीतीने महिना आधी धरते. २०२३ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपूर्वी ती प्रत्येक नोंदीचा अंदाज स्वतंत्रपणे बांधत असे. म्हणून ०५/०३ ची ३ मे होई, आणि १३/०३ मध्ये तेरावा महिना संभवत नसल्याने तेवढी नोंद गुपचूप उलटून बरोबर लावली जाई. आपल्याकडे जुनी आवृत्ती असावी. नवी आवृत्ती पहिल्या नोंदीवरून स्वरूप ठरवते आणि पुढे विसंगती दिसली की चूक दाखवून थांबते. हे थांबणे मला फार मोलाचे वाटते, कारण चुकीच्या तारखेची पट्टी शेतकऱ्याच्या हातात पडण्यापेक्षा प्रोग्रॅम बंद पडलेला बरा.

तेव्हा स्वरूप स्वतःच लिहून द्यावे : लहान डी, लहान एम आणि मोठा वाय, प्रत्येकाआधी टक्क्याचे चिन्ह आणि मध्ये तिरप्या रेघा (%d/%m/%Y). येथे मोठा एम लिहिल्यास त्याचा अर्थ मिनिटे होतो, ही चूक सरावलेल्यांकडूनही होते. न जुळणारी तारीख रिकामी करून पुढे जाण्याचा पर्याय कृपया वापरू नये.

बिघडलेल्या नोंदी सुधारता येतील. ज्यांची तारीख उलटली, त्यांत मुळातला महिना दिवसाच्या जागी गेला आहे. त्यामुळे साठवलेल्या तारखेतील दिवस १२ किंवा त्याहून कमी असेल, तर दिवस आणि महिना यांची अदलाबदल करावी, आणि १३ किंवा अधिक असेल, तर हात लावू नये. मात्र हे फक्त या सीएसव्हीमार्गे आलेल्या नोंदींवर आणि एकदाच करावे, कारण दुसऱ्यांदा चालवले तर सारे पुन्हा उलटेल. मधल्या काळात कोणी हाताने दुरुस्त केलेल्या पट्ट्या आधी वेगळ्या काढाव्यात आणि मूळ प्रत जपून ठेवावी.

एक दिवस मागे जाण्याचे कारण वेगळे आहे. ब्राउझरमधील फॉर्म ज्या भाषेवर चालतो, त्या जावास्क्रिप्टमधील तारखेच्या वस्तूत (ऑब्जेक्टमध्ये) नेहमी वेळही असते. ५ मार्चची मध्यरात्र आपल्या घड्याळाने ००:०० असली, तरी भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असल्याने तो क्षण जागतिक वेळेत ४ मार्चचे १८:३० असतो. टू-आयएसओ-स्ट्रिंग ही पद्धत जागतिक वेळ लिहिते. तिचे पहिले दहा वर्ण कापून घेतले की ४ तारीख हाती येते. त्याऐवजी स्थानिक वर्ष, महिना आणि दिवस वेगवेगळे मागून २०२४-०३-०५ अशी अक्षरे स्वतः जुळवावीत. महिन्यांची मोजणी शून्यापासून होत असल्याने महिन्यात १ मिळवावा. मालाच्या आवकेला दिवस असतो, क्षण नसतो. म्हणून डेटाबेसमध्येही तो रकाना वेळेविना, केवळ तारखेचा असावा.

पट्टीवर मराठी तारीख हवी असल्यास टू-लोकेल-डेट-स्ट्रिंग या पद्धतीला भारतातील मराठीचा संकेत (mr-IN) द्यावा, म्हणजे देवनागरी अंक येतात. पण ते रूप केवळ छपाईसाठी ठेवावे. जावास्क्रिप्ट देवनागरी अंकांना अंक म्हणून ओळखत नाही, त्यामुळे छापलेली तारीख पुन्हा वाचून हिशेबात घेऊ नये.