मेस्काल हे घायपातापासून काढलेले मेक्सिकन मद्य महाग पडते, म्हणून टकिलात लिक्विड स्मोक (बाटलीतला धुराचा अर्क) घालून मेस्कालचे धुरकट, तिखट कॉकटेल घरी करता येईल का?

नाही. टकिलात त्या बाटलीतले थेंब टाकले, तर धुराचा वास मारणारी टकिला तयार होते, मेस्काल नव्हे. मेस्काल महाग पडते, ही आपली अडचण खरी आहे आणि तिच्याकडे मी येणार आहे. परंतु नेमक्या याच मुद्द्यावर डॅलसमधल्या एका जुन्या मित्राशी माझा वाद झाला होता आणि तो अजून मिटलेला नाही.

त्याच्या घरच्या मेजवानीत त्याने टकिलात बाटलीतला धूर मिसळला, वर लाल तिखट भुरभुरले आणि ‘फरक कोणालाही कळत नाही’ असे सर्वांसमोर ठासून सांगितले. मी त्याआधीच मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यात, सांतियागो मातात्लान या गावच्या एका भट्टीवर जाऊन आलो होतो. तिथे जमिनीत खड्डा खणून लाकडे पेटवतात, त्यांवर दगड तापवतात, दगडांवर एस्पादिन जातीच्या घायपाताचे पाने तासलेले गड्डे रचतात आणि सगळे चोथ्याने व मातीने झाकून कित्येक दिवस भाजत ठेवतात. पुढे ते गड्डे घोड्याने ओढायच्या दगडी चाकाखाली चिरडतात, लाकडी पिंपांत आंबवतात आणि त्यांचा अर्क दोनदा काढतात. धूर त्या खड्ड्यातच गड्ड्याच्या गोडीत मुरतो. टकिलाची निळी घायपात बहुधा वाफेवर शिजवतात, म्हणून तिला तो स्वाद नसतो. आगटीत भाजलेला हुरडा आणि कुकरात उकडून धुराचे थेंब शिंपडलेली कणसे यांत जे अंतर आहे, तेच इथे आहे, असे मी त्याला सांगितले. पण सोलापूरकडचा असूनही त्याने ते मानले नाही. ज्या झाडाला पक्व व्हायला सहा ते आठ वर्षे लागतात, त्याच्या चवीची बरोबरी चार थेंबांशी करणे मला आजही अन्यायाचे वाटते.

कृती सोपी आहे. हालापेन्यो मिरचीच्या दोन-तीन चकत्या ३० मिलि ताज्या लिंबूरसात हलक्या हाताने चेपाव्यात, त्यात ६० मिलि एस्पादिन मेस्काल आणि १५ मिलि अगावे सिरप (घायपाताचा पाक) घालून बर्फासह जोरात हलवावे आणि बारीक गाळणीतून गाळावे. पेल्याच्या अर्ध्याच कडेला मीठ-तिखट लावावे. लाल तिखट पेयात मुळीच टाकू नये. ते विरघळत नाही, नुसते घशाला लागते. मिरचीचा तिखटपणा मद्यात फार लवकर उतरतो, म्हणून बाटलीत मिरची मुरवायची असल्यास दर दहा मिनिटांनी चव घ्यावी.

खर्चाचे म्हणाल, तर न्यूयॉर्कचे बारटेंडर फिल वॉर्ड यांनी २००७ च्या सुमारास केलेल्या ओआहाका ओल्ड फॅशन्ड या कॉकटेलची वाट धरावी. त्यात मुख्य मद्य रेपोसादो (लाकडी पिंपात काही महिने मुरवलेली) टकिला असते आणि मेस्काल थोडेच. आपल्या कृतीतही ४५ मिलि टकिला आणि १५ मिलि मेस्काल घेतले तरी धूर स्पष्ट जाणवतो आणि तो खरा असतो. तोबालासारख्या रानटी घायपाताचे महागडे मेस्काल मात्र कॉकटेलमध्ये घालू नये, ते नुसतेच प्यावे. हालापेन्यो मिळाली नाही आणि लवंगी मिरची वापरली, तर एकच तुकडा पुरे, आणि तोही आतली पांढरी शीर काढून. बहुतेक जाळ त्या शिरेत असतो.