सेक्टरमधलं घर: वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न: ताई, डोंबिवलीला वन बीएचकेमध्ये आम्ही पाच जण राहतो, दोन मुलं (4 आणि 9 वर्षं) आणि सासूबाई. मिस्टर ऐरोलीला आयटीत, मी ठाण्याला बँकेत. नवी मुंबईत घर घ्यायचं नक्की झालंय पण नेरूळला रिसेलचं जुनं की खारघरला नवीन टॉवर यावरून रोज वाद. मिस्टर खारघरचे रुंद रस्ते आणि गार्डन बघून आलेत तेव्हापासून दुसरं काही ऐकतच नाहीत. मुलांच्या दृष्टीने कुठे बरं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: आधीच सांगून टाकते, मी 24 वर्षं नेरूळकर आहे, त्यामुळे माप जरा इकडे झुकणारच. मिस्टरांचं चूक नाही हो, खारघर दिसतंच तसं, मागे डोंगर, पावसाळ्यात तर विचारू नका, आणि सेंट्रल पार्कमध्ये पोरं एकदा सोडली की घरी न्यायला ओढावी लागतात. पण तुम्ही रविवारी गाडीने गेला असाल ना? सगळे तेच करतात. आता एकदा मधल्या वारी सकाळी साडेसातला जा आणि स्टेशनपासून त्या टॉवरपर्यंत चालत जा, सासूबाईंना बरोबर घेऊन.

सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, 1970 मध्ये स्थापन झाली, तेव्हापासूनचा प्लॅन असा की मुंबईसारखं एकच लांबडं शहर नको, वेगवेगळे नोड करायचे, प्रत्येकाला स्वतःचं स्टेशन, बाजार, शाळा, मैदान, सगळं हाताशी. जुन्या नेरूळमध्ये हे खरंच जमलंय, माझी दोन्ही पोरं बालवाडीपासून दहावीपर्यंत पायी शाळेत गेली, व्हॅनचा एक रुपया दिला नाही. खारघर मात्र आत आत पसरत गेलं आणि स्टेशन राहिलं एका टोकाला, हायवेच्या बाजूला. नोव्हेंबर 2023 पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झालीय, तिच्या स्टेशनजवळ घर असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर दूध आणायला पण स्कूटर. ठाण्याची गाडी दोन्हीकडून मिळते, वाटेत ऐरोली लागतंच, तेव्हा त्यावरून भांडू नका.

पाण्याचं मात्र नीट विचारा. नेरूळ नवी मुंबई महापालिकेत, तिचं स्वतःचं मोरबे धरण आहे. खारघर 2016 पासून पनवेल महापालिकेत, आणि तिकडच्या बऱ्याच सोसायट्यांना उन्हाळ्यात टँकर लागतात. बिल्डरला विचारू नका, वॉचमनला विचारा, एप्रिल-मे मध्ये दिवसाला किती टँकर आत येतात ते त्याला तोंडपाठ असतं.

आता नेरूळचं पण ऐका. सिडकोच्या जुन्या बिल्डिंगींना लिफ्ट नाही, गळती आहे, पार्किंगवरून महाभारत आहे. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर तिसरा-चौथा मजला विसरा. आणि तळमजला पण नको, कारण बराच भाग खाडीकाठी भराव टाकून केलेला, काही जमीन भरतीच्या पातळीच्याही खाली आहे, म्हणून तर धारण तलाव केलेत, भरती असताना पावसाचं पाणी तिथे थांबावं म्हणून. ते गाळाने भरत चाललेत, मोठी भरती आणि धो धो पाऊस एकाच वेळी आले की काय होतं ते तळमजलेवाल्यांनाच विचारा. जमीन बहुतेक ठिकाणी सिडकोची, 60 वर्षांच्या लीजवर, त्यामुळे रिसेल घेताना ट्रान्सफरची एनओसी आणि चार्जेस कोण भरणार हे टोकन देण्याआधी लिहून घ्या.

मी असते तर नेरूळला पहिला मजला घेतला असता. बजेटात बसत नसेल तर खारघरच, पण स्टेशनजवळच्या सेक्टरमधलं जुनं घर, लांबचा टॉवर नाही, मग स्विमिंग पूल नसला तरी चालेल (पहिल्या वर्षानंतर पुलात उतरतं कोण?).

प्रश्न: सोसायटीत बॉल खेळायला बंदी केलीय. मुलं मोबाईल घेऊन बसतात. काय करावं?
— एक आई, कोपरखैरणे

उत्तर: आमच्याकडे पण असा बोर्ड आहे, आणि तो ज्या काकांनी लावला त्यांच्याच मुलाने आमची काच फोडली होती! एजीएमला, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेला, पाच-सहा आया मिळून जा आणि संध्याकाळचे दोन तास, प्लास्टिकचा बॉल, एवढंच मागा. एकटीने पत्र दिलं तर फाईलला लागतं. तोपर्यंत सेक्टरच्या मैदानावर न्या, तिथे दुसऱ्या बिल्डिंगमधली पोरं पण भेटतात.

प्रश्न: आमच्या टॉवरला लागून गाव आहे. लग्नसराईत हळदीचा डीजे रात्रभर. एवढे पैसे भरून प्लॅन्ड सिटीत आलो ते याच्यासाठी का? तक्रार कुठे करायची?
— एक वाचक, घणसोली

उत्तर: रात्री 10 नंतर लाऊडस्पीकर चालत नाही, 112 ला फोन करा, तो तुमचा हक्कच आहे. पण 'प्लॅन्ड सिटीत आलो' हे जरा खटकलं. शहर आलं गावाशेजारी, गाव नाही आलं तुमच्या टॉवरशेजारी. या शहरासाठी 95 गावांची जमीन घ्यायचं ठरलं, भातशेती गेली, मिठागरं गेली. जानेवारी 1984 मध्ये मोबदल्यासाठी शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, गोळीबारात 5 शेतकरी गेले, आणि त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. तुमचा टॉवर पण साडेबारा टक्केवाल्या प्लॉटवर असू शकतो, ॲग्रीमेंट काढून मूळ मालकाचं नाव वाचा, कदाचित डीजेवाल्यांच्या घरातलंच निघेल.

तेव्हा पोलिसांच्या आधी एकदा दिवसा, लग्न नसताना, गावात जाऊन दोन मोठ्या माणसांशी बोला. आमच्या सोसायटीने तेच केलं, आता डीजे साडेदहाला बंद होतो, फार तर अकरा. पुढच्या वर्षी आम्हाला हळदीचं आमंत्रण पण आलं, धवलारीण (लग्नातली पारंपरिक गाणी म्हणणाऱ्या बायका) गात होत्या, म्हणजे डीजेच्या आधी, शब्द निम्मे कळले नाहीत तरी आम्ही उठलो नाही. तांदळाची भाकरी आणि मटण होतं. आमचे शाकाहारी चेअरमन लोणच्याशी भाकरी खाऊन आले.