नगरपालिकेने स्थलांतरित आणि निर्वासित कुटुंबांसाठी ‘स्वागत कक्ष’ उघडावा का, आणि त्यात काय असावे?

आपण नव्याने निवडून आलेले नगरसेवक आहात, आपल्या नगरपालिकेपुढे असा कक्ष उघडण्याचा ठराव आला आहे आणि त्यात काय असावे, असे आपण विचारले आहे. कक्ष उघडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांच्यासाठी तो उघडायचा, ती माणसे सकाळी सातला मजुरांच्या नाक्यावर उभी असतात. कक्षाचे कुलूप साडेदहाला निघेल तेव्हा ती कुठल्या तरी स्लॅबवर घमेली उचलत असतील. जन्मनोंदणी, शाळा, पाणी, दवाखाना आणि रात्रनिवारा ही कामे पालिकेकडे आधीपासूनच आहेत. ती समोर उभ्या असलेल्या कोणत्याही माणसाला, कायद्याने न मागितलेला कागद न मागता करून दिली, तर निराळ्या स्वागताची गरज उरत नाही.

मी बडोद्यातून लिहीत आहे. पालिकेच्या मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेतून मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. नोकरीच्या अखेरच्या काळात आमचा पट दरवर्षी खाली येत होता, कारण दांडिया बाजार आणि बाबाजीपुऱ्यातील मराठी घरांनी आपली मुले केव्हाच इंग्रजी माध्यमात घातली होती. शाळा दुसऱ्या शाळेत विलीन करण्याची भाषा सुरू झाली होती. त्याच सुमारास शाळेमागच्या मोकळ्या जागेवर बहुमजली इमारतीचे काम निघाले आणि मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या आमच्या भिंतीला लागून उभ्या राहिल्या. त्यांतील बहुतेक कुटुंबे दाहोद आणि छोटा उदेपूरकडची होती, पण दोन घरे नंदुरबार जिल्ह्यातील धडगावकडची होती. दिवाळीनंतर एके दिवशी त्यांच्यातील दहा-अकरा वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन फाटकातून आत आली आणि व्हरांड्यातला मध्याह्न भोजनाचा फलक मोठ्याने, न अडखळता वाचू लागली. फलक मराठीत होता आणि ती आश्रमशाळेत चौथीपर्यंत शिकलेली होती. आम्ही पटासाठी मुले शोधत होतो आणि मराठी वाचणारी मुले भिंतीपलीकडे वाळूच्या ढिगावर दिवस काढत होती. आपल्या हद्दीतील चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, तरी पालिकेच्या कोणत्याही नोंदीत ती नव्हती.

मी त्या दोन्ही घरांतील शाळेच्या वयाच्या मुलांची नावे जनरल रजिस्टरमध्ये चढवली आणि वर कळवले. वरून निरोप आला की प्रवेशाची मुदत संपली आहे, मागच्या शाळेचा दाखला नाही, जन्माचा दाखला नाही, आधार नाही, सबब नावे कमी करावीत. मी उत्तर पाठवले की शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १५ प्रमाणे मुदत उलटली म्हणून, कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून आणि कलम ५ प्रमाणे मागच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शिवाय कलम ९ प्रमाणे स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे ही स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे आपलीच, जबाबदारी आहे. इतके असूनही नावे कमी करायची असतील, तर ती कोणत्या कलमाखाली करायची ते सहीनिशी लेखी कळवावे. असे पत्र सहीनिशी कोणी देत नाही. नावे राहिली. आधार नाही म्हणून मुलाला शाळाप्रवेश नाकारू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये सांगितले. तो निकाल तेव्हा लागायचा होता, नाहीतर पत्रात आणखी एक ओळ वाढली असती.

होळीला ती कुटुंबे गावी गेली, तेव्हा ‘सतत गैरहजर’ म्हणून नावे कमी करण्याची सूचना पुन्हा आली. मी ती कमी केली नाहीत. गुजरातेत जूनमध्ये शाळा प्रवेशोत्सव होतो, अधिकारी आणि मंत्री मुलांना स्वतः शाळेत आणून बसवतात, आणि तो उपक्रम चांगलाच आहे. परंतु पेरणीसाठी गावी गेलेले मजुराचे मूल जूनमध्ये शहरात नसतेच, ते दिवाळीनंतर येते. पुढे इमारत पूर्ण झाली आणि ती माणसे अंकलेश्वरकडे गेली, तेव्हा मुलांचे दाखले मी त्याच दिवशी त्यांच्या हातात दिले.

विरोध केवळ वरून झाला नाही. माझे दीर शहरातील एका मराठी मंडळाचे पदाधिकारी होते आणि मराठी शाळा वाचवा म्हणून निवेदने देण्यात आघाडीवर होते. त्यांनी भर बैठकीत मला ऐकवले, “वहिनी, आपल्याला शाळा वाचवायची आहे, धर्मशाळा काढायची नाही. असली मुले बाकावर बसली तर आपली मुले येतील का?” मी म्हणाले, “भाऊजी, आपली मुले होती कुठे?” त्यांचा स्वतःचा नातू तेव्हा इंग्रजी शाळेच्या बसमधून जात होता. आमचे घराणे साताऱ्याकडून गायकवाडांच्या खानगी खात्यात नोकरीला आलेले. ज्या सयाजीराव महाराजांनी प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये सबंध राज्यात सक्तीचे केले, ते स्वतः १८७५ मध्ये नाशिककडच्या कवळाण्याहून दत्तक आलेले. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे येऊन शहरातील वारसिया भागात वसली. या गावात ‘बाहेरचे’ हा शब्द आम्ही मराठी लोकांनी उच्चारणे मला शोभत नाही, आणि हे मी त्या बैठकीतही बोलले. भाऊजी त्यानंतर बरेच दिवस घरी आले नाहीत. त्यांचा मुद्दा मला आजही पटलेला नाही, आणि आपल्या ठरावाच्या चर्चेत तो हमखास निघेल, म्हणून इतके सविस्तर लिहिले.

निर्वासितांचे थोडे निराळे आहे. भारताने निर्वासितांविषयीचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारलेला नाही, त्यामुळे कोणाला राहू द्यायचे ते केंद्र सरकार ठरवते. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या अल्पसंख्याकांचे नागरिकत्वाचे अर्ज निकालात काढण्याचे अधिकार केंद्राने २०१६ मध्ये इंदूर, नागपूर, पुणे अशा काही जिल्ह्यांच्या आणि २८ मे २०२१ रोजी बडोद्यासह आणखी काही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले; नागरिकत्व कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीचे नियम मार्च २०२४ मध्ये आले आणि ते ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांनाच लागू होतात. यात नगरसेवकाचे काही चालत नाही, तेव्हा कोणाला नागरिकत्वाची आशा लावू नका. मात्र शिक्षण हक्काच्या कायद्यात सहा ते चौदा वर्षांचे ‘बालक’ एवढेच म्हटले आहे, नागरिकत्वाची अट घातलेली नाही. आणि हद्दीत जन्मलेल्या प्रत्येक मुलाची नोंद १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने करावीच लागते, मग आईबाप कुठलेही असोत. ही नोंद एकवीस दिवसांत फुकट होते आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून होत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा धरला जातो. त्यामुळे सोफा आणि फलकावर खर्च करण्याऐवजी जन्मनोंदणीचा कारकून आठवड्यातून एक संध्याकाळ बांधकामांवर आणि वस्त्यांत पाठवा. सरकारला हे जमत नाही, असे नाही: आमच्याकडे पाच रुपयांत जेवण देणारी श्रमिक अन्नपूर्णा योजनेची केंद्रे कडियानाक्यावर, म्हणजे गवंडी-मजुरांच्या नाक्यावरच, उभी केली आहेत, कारण मजूर तिथेच असतो.

दुसरे म्हणजे बांधकाम परवानगी, जिला आम्ही रजाचिठ्ठी म्हणतो, ती पालिकेच्या हातातली सर्वांत मोठी काठी आहे. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याप्रमाणे मजुरांसाठी राहण्याची तात्पुरती सोय आणि शौचालये, तसेच पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तिथे पाळणाघर, हे मालकाचे काम होते; नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नव्या कामगार संहिता आल्या आहेत. त्यांतील मजुरांच्या सोयींची कलमे अटी म्हणून परवानगीत छापा आणि काम चालू असताना जाऊन पाहा.

आपल्याकडील प्राथमिक शाळा पालिकेऐवजी जिल्हा परिषदेच्या असल्या, तर शाळेबाबतचे माझे म्हणणे त्यांच्या शिक्षण विभागाला लागू होईल. घरभाड्याच्या प्रश्नावर मी मुद्दाम बोललेले नाही, तो माझा विषय नाही. एक काळजी मात्र घ्या. मदतीसाठी केलेली यादी उद्या हुसकावून लावण्यासाठी वापरली जाऊ शकते, म्हणून यादीत धर्म, जात आणि मूळ गावाचे रकाने ठेवू नका. नाव, वय, सध्याचा पत्ता आणि काय हवे, एवढे पुरते.

ठराव मागे घेता येत नसेल, तर कक्षाच्या जागी एक ओळ घाला: पालिकेच्या कोणत्याही खिडकीवर नकार द्यायचा असल्यास तो कलमासह लेखी द्यावा. सल्लागार समितीत ‘स्थानिक मंडळांचे प्रतिनिधी’ घ्यायचे असतील तर जरूर घ्या, पण ज्या सेवेवर ते बोलणार ती त्यांच्या घरातील माणसे स्वतः वापरतात का, हे आधी विचारा. आमचे भाऊजी या अटीत बसले नसते. समितीत बांधकामावरच्या दोन बायका असू द्या, आणि बैठक त्यांच्या सुट्टीच्या दिवशी ठेवा. आमच्याकडे ती सुट्टी रविवारी नव्हे, अमावास्येला असते. तुमच्याकडे कधी असते, ते नाक्यावर जाऊन विचारा.