नकाशात प्लॉट लाल रेषेबाहेर आहे, मग घर बांधायला हरकत नाही ना?

तुम्ही विचारलंय: चिपळूण तालुक्यात वाशिष्ठी नदीपासून सव्वाशे मीटरवर प्लॉट आहे, एका कडेने पऱ्या (डोंगरावरून येणारा ओढा) वाहतो, पूररेषेच्या नकाशात प्लॉट लाल रेषेच्या बाहेर दिसतो आणि एजंट म्हणतो बिनधास्त बांधा. एजंटचं ऐकू नका.

लाल रेघ, म्हणजे मोठ्या पुराचं पाणी जिथवर पोचतं ती हद्द, ही मुळात पातळी असते, समुद्रसपाटीपासून अमुक मीटर अशी. ती पातळी जमिनीला जिथे टेकते तिथे कागदावर रेघ ओढतात. म्हणजे पुराचा हिशोब अचूक असला तरी जमिनीची उंची चुकली की रेघ चुकलीच. यावरून एका सल्लागार कचेरीशी माझं चांगलंच वाजलं होतं, आणि माझं मत आजही तेच आहे. नदीचे आडवे छेद (या काठापासून त्या काठापर्यंत पात्राच्या उंचीची मोजणी) त्यांनी लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, लावून घेतले, पण काठावरच्या मळ्यांची उंची उपग्रहाच्या ३० मीटरच्या नकाशातून उचलली. माडाचा शेंडा कुठला आणि जमीन कुठली, हे त्या नकाशाला कळत नाही. माड-पोफळीच्या बागेत तो जमीन काही मीटर उंच दाखवतो आणि बाग आपोआप रेषेबाहेर जाते. शंभराला एक अशा उताराच्या मळ्यात उंची एका मीटरने चुकली, तर रेघ शंभर मीटर सरकते. तुमचं नदीपासूनचं अंतर सव्वाशे मीटर आहे, हे लक्षात घ्या.

दुसरी चूक खाडीच्या बाजूची. भरतीचं पाणी चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या वर चढतं, म्हणून गणिताला खालच्या टोकाला भरतीची पातळी द्यावी लागते. भरतीच्या तक्त्यातलं शून्य आणि सर्वेक्षणातलं शून्य एक नसतं; तक्त्यातलं शून्य सरासरी समुद्रसपाटीच्या बरंच खाली असतं. हा फरक वजा न करता आकडा तसाच टाकला की खाडीपट्ट्यातली सगळी पातळी बिघडते. शिवाय उधाणाची (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी) भरती न धरता साधी धरली, तर चिपळूण बुडालं त्या २२ जुलै २०२१ सारख्या दिवसाला त्या गणिताचा काही उपयोग नाही.

म्हणून रेघ बघत बसू नका, पातळी मागा. जलसंपदा विभागाकडे अर्ज करा: प्लॉटच्या लगत वर आणि लगत खाली जे आडवे छेद आहेत त्यांचे क्रमांक, साखळी अंतर (नदीच्या लांबीवर ते कुठे येतात), आणि दोन्ही छेदांवरच्या निळ्या-लाल रेषांची पातळी. निळी रेषा नदीच्या जवळची, २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. समजा वरच्या छेदावर लाल पातळी ९.८० आहे, ४०० मीटर खालच्या छेदावर ९.२०, आणि तुमचा प्लॉट वरच्या छेदापासून १५० मीटरवर. मग तुमच्यापाशी ती साधारण ९.५८ येते. निळ्या-लाल रेषांमध्ये बांधायचं तर नियम लाल पातळीच्या वर ४५ सेंटीमीटर मागतो, म्हणजे १०.०३. रेषेबाहेर असलात तरी जोतं याच्या खाली ठेवू नका. निळ्या रेषेच्या आत निघालात तर मात्र विषय संपला, तिथे घर बांधता येत नाही.

ही पातळी प्लॉटवर आणायची ती विभागाच्या बेंचमार्कपासून (उंची आधीच ठरलेली पक्की खूण), ऑटो लेव्हल लावून. मागच्या आणि पुढच्या पट्टीचं वाचन सारख्या अंतरावरून घ्यायचं आणि परत बेंचमार्कवर येऊन सुरुवातीचीच उंची मिळते का ते ताडायचं. एका किलोमीटरच्या फेरीत १२ मिलिमीटरहून जास्त फरक आला तर पुन्हा करायला लावा. मोबाइलवरची उंची अजिबात चालत नाही. जीपीएसची कच्ची उंची आपल्या किनाऱ्यावर समुद्रसपाटीपेक्षा साठ मीटरहून अधिक वेगळी येते.

त्याच लेव्हलने शेजारच्या घरांतल्या २०२१ च्या पुराच्या खुणाही वाचून घ्या. बाहेरच्या भिंतीवरची खूण घेऊ नका, वाहतं पाणी भिंतीवर आपटून वर चढलेलं असतं. आतल्या खोलीत, कपाटामागे, गाळाची बारीक सरळ रेघ राहिलेली असते; ती खरी. अशा तीन-चार घरांच्या रेघा जुळल्या आणि लाल पातळीच्या वर निघाल्या, तर नकाशा बाजूला ठेवून जोतं त्या रेघांच्या वर घ्या.

आता पऱ्या. नदीच्या पूररेषेच्या नकाशात असे पऱ्ये बहुधा नसतातच, आणि तुमच्या प्लॉटला मला खरी भीती त्याचीच वाटते. समजा त्याचं पाणलोट क्षेत्र २०० हेक्टर आहे. डोंगरउतारावरून पाणी वीसेक मिनिटांत खाली येतं. तेवढा वेळ ताशी ८० मिलिमीटरच्या वेगाने पाऊस कोसळला आणि त्यातलं ७० टक्के वाहून आलं, तर विसर्ग सेकंदाला ३१ घनमीटर, म्हणजे जवळजवळ ११०० क्युसेक. त्याच पऱ्यावर रस्त्याखाली ९०० मिलिमीटरचे दोन ह्यूम (सिमेंटचे) पाइप टाकलेले असतात. ते भरून वाहिले तरी जेमतेम ४ घनमीटर घेतात. बाकीचं रस्त्यावरून जातं, किंवा अडून तुमच्या प्लॉटमध्ये शिरतं. त्यात बांबूची बेटं, कापलेल्या फांद्या आणि प्लास्टिक पाइपाच्या तोंडाशी अडकलं की ४ चे २ होतात. पाइपाचा व्यास टेपने मोजा, रस्त्याच्या माथ्याची पातळी घ्या आणि जोतं त्या माथ्याच्याही वर ठेवा. पऱ्याकडे तोंड करून कंपाउंडची सलग भिंत बांधू नका, पाणी शेजाऱ्याच्या घरात जाईल.

गाळ काढला की पूररेषा खाली येईल, असं तुम्हाला कोणी ना कोणी ऐकवेलच. वरच्या पट्ट्यात काही फरक पडतो. भरतीच्या पट्ट्यात पात्र कितीही खोल करा, ते खणलेलं आधीच खाडीच्या पाण्याने भरलेलं असतं; उधाणाच्या वेळी नदीला खाली जायला उतारच उरत नाही. गाळ काढण्याच्या भरवशावर जोतं खाली धरू नका.

एक सांगायचं राहिलं. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, म्हणजे दर वर्षी एक टक्का शक्यता. ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात ती २६ टक्के होते. आणि वर दिलेलं पऱ्याचं गणित नितळ पाण्याचं आहे. डोंगर खचून दगडमाती आली तर ते लागू पडत नाही, तेव्हा वरच्या उतारावर भेगा पडल्यात का, पायऱ्या सुटल्यात का, हे मे महिन्यात गवत वाळलेलं असताना चढून बघून या.